सत्त्याऐंशी आणि एकशे त्रेचाळीस

"या बाईंना बोलवून घे," कौसडीकर सर म्हणाले. "गुरुवारी, अकरा वाजता."

त्यांच्या हातात छापलेला कागद होता आणि कागदावर १४३ या आकड्याभोवती लाल पेनचा गोल होता. मी त्या गोलाकडे बघत राहिलो. शेजारी तसनीम इनामदार खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होती. सोमवार होता. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. हे नक्की सांगता येतं, कारण त्याच वेळी प्रयागबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्या अकरा-पाचला, दोन-पाचला आणि चार-पाचला येत. आधी नाही, नंतर नाही.

"ठेवा तिथं," सर मान वर न करता म्हणाले.

प्रयागबाईंनी तीन ग्लास ठेवले आणि गेल्या.

"त्या येतील असं वाटत नाही, सर," मी म्हणालो.

"का? जिंतूर काय परदेशात आहे?"

"वय झालंय त्यांचं."

"एकावन्न," सरांनी कागद बघून सांगितलं. "माझं सत्तावन्न आहे. मी रोज येतो."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात, संगणकशास्त्र विभागाच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. काम एका वाक्यात सांगता येईल असं: आवाज ऐकून बोलणारा माणूस कोण, हे मशीननं सांगायचं. त्यासाठी पाच जिल्ह्यांतून प्रत्येकी चाळीस, असे दोनशे जणांचे आवाज आम्ही मुद्रित केले होते. माणसं जमवायचं काम माझं, म्हणजे नागनाथ बोधनकरचं. मशीनला शिकवायची नवी पद्धत तसनीमची. तीन वर्षं ती त्यावर होती. आणि दोघांच्याही डोक्यावर डॉ. श्रीनिवास कौसडीकर, ज्यांनी पंचवीस वर्षं आवाज सोडून दुसरं काही केलं नव्हतं.

मुद्रणाची खोली म्हणजे वसतिगृहातल्या जुन्या गाद्या भिंतींना ठोकून केलेली खोली. माणूस आत बसायचा, वीस ठरलेली वाक्यं वाचायचा, एक ते शंभर अंक म्हणायचा आणि शेवटी दोन मिनिटं मनाला येईल ते बोलायचा. या दोन मिनिटांत आम्ही बाहेर थांबायचं, असा सरांचा नियम. समोर कुणी असलं की माणूस त्याच्याशी बोलतो, माइकशी नाही, असं ते म्हणत. नंतर मुद्रण ऐकून बघणंही माझंच काम होतं. मी पडद्यावरचा आलेख बघायचो. आलेख ठीक दिसला की मुद्रण ठीक. दोनशेपैकी मी पुरी ऐकली असतील अशी मुद्रणं पाच-सहा.

आता १४३ कोण ते सांगतो.

मुद्रणाच्या शेवटच्या दिवशी परभणी जिल्ह्यातली पन्नाशीच्या पुढची एक बाई कमी पडत होती. येते म्हणालेली बाई आली नाही. चार वाजून गेले, मुद्रणाचं भाड्याचं सामान न्यायला मशीनवाला खाली उभा, आणि तेवढ्यात प्रयागबाई रिकामे ग्लास गोळा करायला आल्या. त्यांचं मुद्रण आधीच झालं होतं. त्या ८७ होत्या. मी म्हणालो, "मावशी, परत एकदा बसता का? दुसरं नाव सांगून?"

"कोणतं नाव?"

"काहीही."

त्यांनी वाटेल ते नाव सांगितलं नाही, थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "शारदा वसेकर. जिंतूर." फॉर्मवर सही केली ती एका झटक्यात, न थांबता. वीस मिनिटांत दोनशेचा आकडा पूर्ण झाला आणि मी ती गोष्ट विसरलो.

मशीन विसरलं नाही. आमच्या जुन्या पद्धतीला ८७ आणि १४३ यांच्याबद्दल थोडा संशय होता, साठ टक्क्यांचा. तसनीमची पद्धत जसजशी सुधारत गेली, तसतसा तो संशय वाढत गेला. मे महिन्यात सत्तर, जुलैत पंच्याऐंशी. त्या सोमवारी सत्त्याण्णव.

"दोनशे माणसांच्या एकोणीस हजार नऊशे जोड्या होतात," सर म्हणाले. "त्यातली ही एकच जोडी मशीनला एक माणूस वाटते. आणि तीही छातीठोकपणे."

"ती जोडी वगळू या, सर," मी म्हणालो. "एकच तर आहे."

सरांनी चष्मा काढला. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं निकालात ०.८४ चं ०.८५ केलं, तेव्हा त्यांनी असाच चष्मा काढला होता आणि त्याला दुसरा मार्गदर्शक शोधायला सांगितलं होतं.

"नको असलेला आकडा वगळायचा असेल, नागनाथ, तर मशीन कशाला लागतं? आपणच यादी लिहू." ते तसनीमकडे वळले. "चुकणारं मशीन चालेल. खात्रीनं चुकणारं नको. उद्या हे कोर्टात गेलं तर एकाच्या आवाजासाठी दुसऱ्याला आत घालेल. मी दोघींना ऐकलंय. प्रयागबाई परभणीकडचं बोलतात, वाक्याचा शेवट खाली टाकतात. वसेकर बाई कशा बोलतात? एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. माझ्या कानाला दोन बायका ऐकू येतात. मशीनला येत नाहीत. मग चूक कुणाची?"



ठरलं असं: गुरुवारी दोघींचं मुद्रण परत करायचं. तेव्हाही मशीननं एकच सांगितलं, तर नवी पद्धत बाजूला आणि त्याच संध्याकाळी पाचच्या मुदतीत पाठवायच्या आमच्या शोधनिबंधात जुनी पद्धत.

"नागनाथ, तू वसेकर बाईंना ऐकलंयस ना?" सरांनी जाता जाता विचारलं. "काय सुंदर बोलल्यात शेवटची दोन मिनिटं."

"हो सर," मी म्हणालो.

प्रयागबाईंचा पत्र्याचा गाडा विभागाच्या मागच्या बाजूला होता. मी गेलो तेव्हा त्या आलं ठेचत होत्या.

"मावशी, घोटाळा झाला. सरांनी शारदाबाईंना बोलावलंय."

त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, आत बघितलं, परत ठेवलं. "कव्हा?"

"गुरुवारी अकराला."

"अकरा-पाचला चहा असतोय वर."

"तेच म्हणतोय मी."

"मग एकाच फेरीत होईल की."

"मावशी, चेष्टा नाही. सर तुम्हाला रोज तीनदा बघतात."

"मला बघतेत?" त्यांनी ठेचणं थांबवलं. "गिलास बघतेत, बाबा. त्यो बी सांडला तर. मी चष्मा लावून, चांगलं लुगडं नेसून वर आले तर तुझे सर उठून खुर्ची देतेत का न्हाई बघ. पैज लाव."

"पण मशीन ओळखतंय ना. तुम्ही आणि शारदाबाई एकच म्हणतंय, सत्त्याण्णव टक्के."

"आन् उरलेले तीन?"

"तेवढी शंका आहे."

"मग त्या तीन टक्क्यांत बसव की आम्हाला दोघींना."

मला हसू आलं आणि त्याचा राग आला. मी त्यांना सांगितलं, की यात तसनीमची तीन वर्षं जातील, आणि सरांना कळलं तर माझंही आटोपेल. त्या ऐकत होत्या. तसनीमचं नाव निघाल्यावर त्यांनी गॅस बारीक केला.

"पोरगी चांगली हाय. गिलास धुऊन देती," त्या म्हणाल्या. "बघते मी काय करायचं ते."

"तुम्ही काही करू नका, मावशी. आणि हे नाव तरी कुठून काढलंत?"

"होती एक. माझा बाप कोर्टाच्या दारात चहा करायचा आन् मी आत न्यायची, तव्हाची."

मंगळवारी, चारला पाच मिनिटं कमी असताना, प्रयोगशाळेतला फोन वाजला. टेलिफोनवर आवाज कसा बदलतो हे तपासायला सरांनी त्या फोनला रेकॉर्डर जोडून ठेवला होता. सरांनीच उचलला.

"हॅलो... कोण? अहो, नमस्कार, नमस्कार." त्यांचं एक बोट रेकॉर्डरच्या बटणाकडे गेलं. "नाही नाही, तसदी कसली... गुडघा? मग प्रवास नकोच... छे, क्षमा काय मागता, आम्हीच त्रास दिला. बरं. बरं. तब्येतीला जपा."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा ते जवळजवळ उभे राहिले होते.

"वसेकर बाई. गुडघ्यामुळे प्रवास झेपत नाही म्हणाल्या. 'आपल्या संशोधनात माझ्यामुळे व्यत्यय आला, क्षमस्व.' असं बोलतं का हल्ली कुणी? पण बरं झालं, ताजा आवाज मिळाला. तसनीम, लाव मशीनला."

तसनीमनं लावलं. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. फोनवरचा आवाज आणि ८७ यांच्यासमोर आकडा आला: अठ्ठ्याण्णव.

"संपलं," तसनीम म्हणाली.

चारचा चहा त्या दिवशी चार-बाराला आला. अडीच वर्षांत पहिल्यांदा उशीर. प्रयागबाईंना धाप लागली होती. एक रुपया टाकून बोलायचा फोन विद्यापीठाच्या फाटकाशी होता आणि फाटक तिथून अर्ध्या किलोमीटरवर होतं.

"ठेवा तिथं," सर म्हणाले. मग, कागदावरून नजर न काढता, "प्रयागबाई, तुमच्यासारखाच आवाज असलेली एक बाई आहे जिंतूरला. या मशीनचं म्हणणं."

"आसंल की, सर. देवाकडं तरी साचे किती आसणार."

"तसं नसतं," सर कागदाला म्हणाले. "प्रत्येकाचा वेगळा असतो."

ट्रे घेऊन बाहेर जाताना त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. त्यांना वाटत होतं, काम फत्ते झालं. मी मागोमाग जाऊन जिन्यात सगळं सांगितलं, की त्या फोननं तसनीमचा उरलासुरला आधारही गेला. त्या जिन्याच्या कठड्याला टेकल्या.

"म्हंजे मी बोलू तितकी ती अडकती?"

"हो."

"मग मी आता बोलतच न्हाई," त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी तसनीम निबंधातून स्वतःची पानं काढत होती. पाचवा भाग, सहावा भाग, तीन आकृत्या. काढलेलं पान ती चौकोनी घडी करून डब्याखाली ठेवत होती.

"जुन्या पद्धतीचे तक्ते पाठव मला," ती म्हणाली.

"तू सरांशी भांडत का नाहीस?"

"कशाच्या जोरावर? माझं मशीन म्हणतं एक बाई. सरांचा कान म्हणतो दोन. तुझा फॉर्म म्हणतो दोन, त्यावर सही आहे. मी सरांच्या जागी असते तरी फॉर्मवरच विश्वास ठेवला असता." तिनं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "खा. अब्बांना फोन केलाय. आमच्याकडे डी.एड. कॉलेजात जागा आहे म्हणतात. संगणक शिकवायचा. चालू कसा करायचा आणि बंद कसा करायचा."

"तसनीम..."

"तीन वर्षं घालून मी एक बहिरं मशीन बनवलं, बोधनकर. सगळ्यांना जमत नाही हे."

डब्यात शेवयांची खीर होती, माझ्या आवडीची. मी झाकण लावून डबा परत सरकवला.

गुरुवारी अकराला सर तयार होते. गाद्यांच्या खोलीचा दिवा लावला होता. वसेकर बाई येणार नव्हत्या. पण प्रयागबाईंचं मुद्रण करून प्रकरण रीतसर बंद करायचं, असं सरांचं म्हणणं. तसनीम दाराशी उभी होती. मी रात्रभर एक वाक्य पाठ केलं होतं. ते लांब होतं, त्यात परिस्थिती, वेळेचा अभाव आणि मशीनवाला हे सगळं होतं. तोंडातून आलं ते एवढंच:

"सर, ८७ आणि १४३ एकच आहेत."

"ते मशीनही म्हणतंय."

"मशीन बरोबर आहे, सर."

सरांनी चष्मा काढला. पुढचं बोलायच्या आत दार उघडलं. अकरा-पाच झाले होते.

"ठेवा..." सर म्हणाले आणि थांबले.

प्रयागबाईंनी कुणाच्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं माहीत नाही, पण त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही. तो हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"फॉर्म," सर म्हणाले.

मी दोन्ही फॉर्म दिले. ते त्यांनी शेजारी शेजारी धरले. "सह्या वेगळ्या आहेत."

"त्या सहीचा सराव होता मला," प्रयागबाई म्हणाल्या. "लहानपणापासून."

"आणि परवाचा फोन?"

"फाटकावरून केला, सर. पोराची काही चूक न्हाई. म्हंजे हाय, पण फोनची न्हाई."

सरांनी दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले. मग ते संगणकाजवळ गेले आणि १४३ ची शेवटची दोन मिनिटं त्यांनी स्पीकरवर लावली. कुणासाठी लावली ते सांगितलं नाही. मी ती पहिल्यांदा ऐकली.

"माझं नाव शारदा वसेकर. मी जिंतूरच्या कोर्टात टायपिस्ट होते, तेवीस वर्षं. माझं टेबल खिडकीशी होतं. मशीनला कापडाची टोपी होती, ती मी स्वतः शिवली होती. वकील लोक उभे राहून सांगायचे, मी बसून टाइप करायची. मोठे मोठे वकील, पण उभे. म्हणायचे, बाई, एवढं आजच्या आज होईल का? मी म्हणायची, बघते. एकदा जजसाहेबांच्या कागदात तारीख चुकली होती. मी ती दुरुस्त केली. साहेब म्हणाले, तुम्ही होतात म्हणून निभावलं. घरी जाताना माझ्या बोटांना शाईचा वास यायचा, तो मला आवडायचा. दिवसातून तीन वेळा चहा यायचा. अकराला, दोनला आणि चारला. मी मान वर करत नसे. बोटं चालू ठेवायची आणि म्हणायची, ठेवा तिथं. कोण आणायचं, ते मला आजही ठाऊक नाही. कामच तेवढं असायचं मला."

त्यानंतर मुद्रणात बारा सेकंद शांतता होती. आलेखात ती मी पाहिली होती. मोकळी जागा, म्हणून कापून टाकायच्या यादीत घातली होती.

सरांनी स्पीकर बंद केला. आता ते प्रयागबाईंकडे बघत होते, म्हणजे खरोखरच बघत होते, आणि प्रयागबाई ट्रेमधल्या ग्लासांकडे.

"चहा निवला," त्या म्हणाल्या. "दुसरा आणते." आणि गेल्या.

"पंचवीस वर्षं," सर म्हणाले. एवढंच. मग चष्मा लावून ते माझ्याकडे वळले. "निबंधावर तुझं नाव नसेल."

"हो सर."

"आणि तू आता सगळी मुद्रणं ऐकशील. पहिल्यापासून. दोनशे..." ते थांबले. "एकशे नव्व्याण्णव. पूर्ण. कानांनी."

"हो सर."

"तसनीम, तुझी पानं कुठं आहेत?"

"डब्याखाली, सर."

"काढ. माणसं एकशे नव्व्याण्णव, जोड्या एकोणीस हजार सातशे एक. सगळे तक्ते नव्यानं. आणि सहाव्या भागात लिही: एका व्यक्तीचं मुद्रण दोन नावांनी झालं होतं, संशोधकांच्या ते लक्षात आलं नाही, पद्धतीच्या आलं." ते क्षणभर घुटमळले. "आणि 'संशोधकांच्या'आधी 'अनुभवी' घाल."

सर खाली गेल्यावर तसनीम माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली.

"माझं मशीन तीन महिने खरं बोलत होतं, आणि तू मला डी.एड. कॉलेजात पाठवत होतास."

"तसनीम, मी..."

"भांडण पाचनंतर. आधी तक्ते कर."

आम्ही जेवलो नाही. दोन-पाचचा चहा आला तसा गेला. चार-पाचला दार उघडलं तेव्हा प्रयागबाईंच्या हातात ट्रे नव्हता. डोळ्यांवर चष्मा होता, काड्यांना दोरी लावलेला.

"सरांनी वर जाऊन बसा म्हणलं," त्या म्हणाल्या. "कुठं बसू?"

तसनीमनं खिडकीजवळची खुर्ची पुसली. ती सरांची होती. प्रयागबाई आधी कडेवर बसल्या, मग हळूहळू मागे सरकल्या. टेबलावर निबंधाचं छापलेलं पहिलं पान होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून समोर धरलं. ते इंग्रजीत होतं.

मी खिडकीतून खाली बघितलं. पत्र्याच्या गाड्यापाशी कौसडीकर सर गॅससमोर उभे होते. बाह्या दुमडलेल्या, एका हातात साखरेचा डबा. ते डबा जवळ नेऊन आत बघत होते, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल. दूध उतू गेलं. त्यांनी पातेलं उचललं, हात भाजला, खाली ठेवलं. मग इकडे तिकडे बघून आलं शोधू लागले.

"आलं डाव्या बाजूच्या डब्यात हाय," प्रयागबाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या. खिडकीकडे त्यांची पाठ होती.

"सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"नको. सापडंल."

शोधनिबंध चार एकावन्नला गेला. तसनीमनं बटण दाबलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून डोळे मिटून बसून राहिली. तिचं नाव पहिलं होतं. आज ती एका मोठ्या संस्थेत आहे, आणि तो निबंध अजून वाचला जातो तो सहाव्या भागासाठी. मी एका महाविद्यालयात शिकवतो. नवीन विद्यार्थी आला की त्याला आधी हेडफोन देतो. आलेख पुढच्या महिन्यात.

जिन्यात पावलं वाजली. हळू, एकेक पायरी. सर आत आले. ट्रेमध्ये एकच ग्लास होता आणि त्यातला निम्मा चहा ट्रेमध्ये होता. ते खिडकीजवळच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

प्रयागबाईंनी पान उलटलं. पाठीमागं कोरं होतं. तेही त्यांनी नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मान वर न करता, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा, म्हणाल्या:

"ठेवा तिथं."

सरांनी ठेवला.